हाक न ऐकलेला पाव सेकंद

“अजून किती वेगवान करू, मॅडम?”

ओजसचा आवाज चढला होता. तीन आठवड्यांत त्याने प्रोग्रॅमचा एकच भाग चारदा नव्याने लिहिला होता.

सामंतबाई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजच्या संगणकांचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ओजसला ते काम त्यांनीच शिकवलेलं.

“यंत्र कसलं?”

“व्हेंटिलेटर. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी. बाळाने श्वास ओढला की सेन्सर कर्नलला हाक मारतो, इंटरप्ट. लगेच हवा द्यायची.”

“मग?”

“हजारदा वेळेवर देतो. आणि एखाद्या वेळी पाव सेकंद उशीर. तोवर बाळ श्वास सोडायला लागलेलं असणार. सध्या रबरी फुप्फुसावर चाललंय, पण सोमवारी पहिलं बाळ...” तो थांबला. “सरासरी मात्र उत्तम आहे.”

बाईंनी पुढची पाकळी सोलायला घेतली.

“हाकेला ओ देणारा भाग याहून चपळ होणं शक्य नाही, मॅडम. कुणालाही दाखवा.”

“कर्नल हाका ऐकणं बंद कधी करतो?”

“झालेल्या श्वासांच्या नोंदी लिहिताना. मध्येच कुणी हात घातला तर बिघडतात. म्हणून इंटरप्ट बंद करतो, सगळ्या लिहितो, चालू करतो.”

“तेवढंच मोठ्याने वाच. यंत्र करतं तशी एकेक फेरी. आणि इंटरप्ट चालू होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही.”

ओजस हसला. छाती भरून घेतली, लॅपटॉप उघडला.

“इंटरप्ट बंद. पहिली नोंद. दुसरी नोंद. तिसरी...”

सतराव्या नोंदीला आवाज चिरकला. विसाव्या नोंदीला तो धापा टाकत थांबला.

“किती राहिल्या?”

“...एकशे ऐंशी.”

बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्याने हात लावला नाही. तिथेच मांडी घालून तो बदल करू लागला. एक नोंद लिहायची, की इंटरप्ट चालू. मग पुन्हा बंद, पुढची नोंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फोन केला.

“वीस हजार श्वास झाले, मॅडम. एकही उशीर नाही.” जरा घुटमळला. “नोंदी लिहायला मात्र आधीपेक्षा जास्त वेळ लागतोय.”

“लागू दे.”



“तीन आठवडे मी भलतीकडेच बघत होतो. मी... इतका कसा चुकलो?”

“चुकला नव्हतास रे. कामात होतास. इंटरप्ट बंद.”