बायजा वैदिणीनं देवी पळवली

बसा गं पोरींनो. खोकायचं असेल तिनं आत्ताच खोकून घ्या.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, मला दातही फुटले नव्हते त्याच्याआधीची. भर समुद्रात हेच आपलं बेट, बेटावर हाच आगीचा डोंगर. बायका त्याला मामंजी म्हणायच्या, कारण कितीही जपा, आपला धुमसतोच. त्याच्या डोक्यावर तापल्या दगडाचा फुगा. आतून दगड वर यायचा, फुगा वाढायचा, कडा ढासळायची, राख पडायची. लोक ताटावरची राख फुंकून जेवायचे.

तेव्हा गावात बायजा वैदीण होती. असं म्हणतात, तिनं हात लावला की गळू लाजून फुटायचं.

एके साली धूर थांबला. नागू तांडेल गावचा म्होरक्या. तो म्हणाला, "निवले मामंजी. उद्या सगळे घळीत नाचणी कापायला चला."

बायजा म्हणाली, "निवला नाही रे, तोंड बुजलंय. फुगा बघ, वाढतोच आहे. गळवाचं तोंड बुजलं की आत साठतं. फुटलं तर घळीतूनच खाली येईल."

"मग पोटीस बांध जा डोंगराला," नागू म्हणाला. सगळे हसले. बायजापण हसली.

उजाडता उजाडता तिनं देवळातला देवीचा मुखवटा ओच्यात घातला, होडीत बसली आणि निघाली समोरच्या वाळूच्या बेटाकडे. देवी गावाबाहेर गेली की माणसानं गावात थांबायचं नाही, ही आपली रीत. झालं. तान्ह्या पोरांसकट सगळा गाव होड्यांत बसला, शिव्या देत तिच्यामागं. ती पुढून अंगठा दाखवायची.

वाळूवर उतरल्यावर कळलं, रागाच्या भरात नागू आपल्या लंगड्या आईलाच विसरला. बायजानं मुखवटा त्याच्या हातात दिला. "धर. शिव्या मी आल्यावर दे." आणि माघारी वल्हवत गेली.

तेवढ्यात फुगा फुटला. धगधगती राख ढगासारखी घळीतून धावली, नाचणी गेली, घरं गेली, दिवसाचा अंधार झाला.

बऱ्याच वेळानं राखेतून होडी आली. आत ओल्या गोधडीत नागूची आई. वल्ही चालत होती, वल्ह्यांवर कुणी नव्हतं, असं म्हणतात. नागू रडत म्हणाला, "आये, बायजा कुठंय?"

म्हातारी वैतागली. "ही काय वल्हवतेय समोर. डोळे फुटले का तुझे?"

तेव्हापासून मामंजी गप्प झाले की गावातली सगळ्यात म्हातारी बाई देवी पळवते, आणि गाव शिव्या देत मागं जातो. शेवटच्या होडीत ओली गोधडी असते.

आज तिसरा दिवस, धूर नाही. गावात माझ्याहून म्हातारी कुणी उरली नाही. तेव्हा शिव्या घोकून ठेवा, आणि आपापली आई आधी होडीत घाला.