दोन घागरी पाणी

एका गावात एक मठ होता आणि मठाच्या ओसरीवर शाळा भरायची. सकाळी शास्त्रीबुवा स्तोत्रं आणि नीतीचे पाठ घेत. मग अक्षर, मग गणित, आणि दुपार कलली की भजन. सगळी विद्या एकाच ओसरीवर, बदलायचे ते फक्त गुरुजी.

त्यातले गणिताचे गुरुजी मोठे हुशार. त्यांचं गणित कधी चुकलं नाही म्हणे, आणि हे ते स्वतःच येता-जाता सांगत. मठाचे स्वामी आता थकले होते. उत्सव झाला की सगळी शाळा या गुरुजींकडे सोपवायची, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून गुरुजींचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

एके दिवशी त्यांनी गणित घातलं. "गवळ्यानं आठ शेर दुधात दोन शेर पाणी घातलं आणि शेराला दोन पैसे भावानं सगळं विकलं. पाण्याचे किती पैसे आले?"

पोरांनी भराभर पाट्या खरडल्या. येसू नावाची गवळ्याची मुलगी तेवढी हाताची घडी घालून बसली.

"काय गं, येत नाही?"

"येतं की, गुरुजी. पण दुधात पाणी घालणं पाप, असं शास्त्रीबुवांनी सकाळीच सांगितलं."

वर्ग हसला. गुरुजीही हसले. "अगं शहाणे, तो नीतीचा तास होता! हा गणिताचा. इथं उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं."

येसूला त्यांनी उभं केलं. मार्तंड नावाच्या मुलाचं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं होतं, त्याची पाठ थोपटली. मार्तंड मोठा गुणी. गुरुजींचा शब्द म्हणजे त्याला ब्रह्मवाक्य.

मग उत्सव आला. त्या दिवशी घराघरातून मठात दूध यायचं आणि खीर मुलांनीच करायची, अशी रीत होती. दूध मोजून घ्यायचं काम गुरुजींनी अर्थातच मार्तंडाला दिलं. खिरीला लागायचं त्यापेक्षा दूध भरलं दोन घागरी कमी. पोरगं डगमगलं नाही. विहिरीवर गेलं, दोन घागरी पाणी आणून ओतलं आणि हिशोब बरोबर बसवला.

पंगत बसली. पहिल्याच घासाला एक म्हातारी ओरडली, "अगं बाई! ही खीर की तांदळाचं धुवण?"

झालं. ज्यानं त्यानं आपण दिलेल्या दुधाच्या शपथा घेतल्या आणि सगळ्यांच्या नजरा येसूच्या बापाकडे वळल्या. तो बिचारा मान खाली घालून बसला.

तेवढ्यात मार्तंड उठला. "पाणी मी घातलं."

"देवाच्या खिरीत पाणी?" स्वामी कडाडले. "तुला नीती कोणी शिकवली नाही का रे?"

"शिकवली की, महाराज. पण ती नीतीच्या तासाला. मोजणं गणितात येतं, आणि गणितात उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं."

"असलं पोर उद्यापासून शाळेत नको," स्वामी म्हणाले आणि त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी नुसती मान हलवली असती तर शाळा त्यांच्या हाती आली असती. पण पोरगं रडवेलं होऊन त्यांच्याकडेच बघत होतं. आपलं चुकलं कुठं, हेच त्याला कळत नव्हतं. गुरुजींना भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"महाराज, त्याला काढू नका," ते म्हणाले. "पाणी त्यानं ओतलं, पण शिकवलं मी."

स्वामी म्हणाले, "तर मग शाळा तुमच्या हाती द्यायला नको."

"नको," गुरुजी म्हणाले.

शाळा शास्त्रीबुवांकडे गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजी मार्तंडाला घेऊन घरोघर माफी मागायला निघाले, ते पहिले येसूच्या दारात उभे राहिले. त्यांनी येसूची आणि तिच्या बापाची हात जोडून माफी मागितली.

गवळी ओशाळला. "अहो, तुम्ही आलात तेच पुष्कळ झालं. या लेकराला कशाला दारोदार हिंडवता?"

"तो माझ्याकडे शिकतो," गुरुजी म्हणाले. "हेही माझ्याकडूनच शिकू दे."

तात्पर्य काय, तर नीतीचा तास एकाच गुरुजींचा असला, तरी मूल नीती प्रत्येक गुरुजींकडून शिकत असतं.