पुरे म्हणणाऱ्या

एका राज्यात एक दिवस अगदी साधा उजाडला. राणी मृणालवती गच्चीवर डाळिंबाच्या साली वाळत घालीत होती. तेवढ्यात एक साळुंकी कठड्यावर येऊन म्हणाली, "राणीसाहेब, राजकन्या सुवेला दगड होते आहे. अंगठ्यापासून कोपरापर्यंत झाली."

अंगठ्याला सुई टोचली होती, इतकेच.

हे ऐकून गच्चीवर आलेला राजा खाली मान घालून बोलला. "आपला थोरला मुलगा रक्त वाहूनच गेला. म्हणून जादूगाराकडे वर मागितला, की आपल्या घरातले रक्त पुन्हा वाहू नये."

"आणि मिळाला," साळुंकी म्हणाली. "वर मागण्याआधी घरात विचारायची पद्धत असते, महाराज."

राणी तीन डोंगर ओलांडून जादूगाराच्या दारी गेली. तो म्हणाला, "वर मोडायचा तर तीन कामे. दोनदा पाहा, एकदा विचारा." आणि त्याने तिच्या हाती एक काचमणी दिला.

राणीने मण्यातून लेकीचे रक्त पाहिले. तिथे कातरणारे कारागीर होते. सुते कातरून, जाळे विणून ते जखमेची वाट बुजवीत. जखम केव्हाच बुजली होती, तरी ते विणीतच होते. साऱ्या वाटा बंद होत आल्या होत्या.

मग तिने पोट पाहिले. तिथे त्यांचीच भावंडे होती. त्यांचे काम आलेला घास कातरायचे. दगड होऊ लागल्यापासून लेकीच्या पोटात घास नव्हता, म्हणून ती स्वतःचेच घर कातरू लागली होती.

"यांना पुरे म्हणणारे कोणी नाही?"

जादूगाराने एक रांजण पुढे सरकवला. "पुरे म्हणणाऱ्या इथे आहेत. वर द्यायला त्यांना तुमच्या घरातल्या रक्तातून बाहेर काढावे लागले. आता त्या मोकळ्या आहेत, हुकमाने जाणार नाहीत. विचारा. पण आधी ऐका. कातरणाऱ्यापुढे त्या स्वतःचा हात धरतात. तो सूत समजून कातरतो. कातरताक्षणी हात मिटतो, कातरणारा त्यात कायमचा अडकतो आणि दोघे मिळून विरून जातात. परत कोणी येत नाही."

राणीने रांजणावर हात ठेवला. लेकीसाठी दुसऱ्यांचे जीव मागायचे होते.

"याल का?" तिने शेवटी विचारले.

"केवढा उशीर, आई!" रांजणातून आवाज आला. "जाळे दाट झाले असेल. झाकण काढा."

"सगळ्या एकदम झोंबू नका गं," दुसरी म्हणाली. "उद्या पोरीला पुन्हा सुई टोचली, तर विणायला कोणी उरायला नको का?"

राणीने झाकण काढले. मोहरीहूनही बारीक अशा त्या हजारोंनी उठल्या, तीन डोंगर ओलांडून गेल्या आणि राजकन्येच्या अंगात शिरल्या. राणी मण्यातून पाहत होती. एकेक हात पुढे होई, मिटे, आणि तेवढी वाट मोकळी होई. एकही हात मागे सरला नाही. पोटातली भावंडे शांत झाली. अंगठा मऊ पडला, गुलाबी झाला.

"मला भूक लागली," सुवेला म्हणाली.

वर मोडला. रक्त वाहू लागले, आणि थांबायचे तिथे थांबूही लागले.

रांजणातल्या त्या जाण्याआधी त्यांना निरोप द्यावा, असे राणीच्या मनात होते. तो द्यायचा राहिला.