पहिला वाडगा

चीन देशातल्या एका डोंगरी गावात शूफेन नावाची एक स्वयंपाकीण होती. थंडी हाडांत शिरू लागली की गावजेवणाची कढई तिच्या हाती यायची. त्या कढईत मटणाबरोबर एक काळसर मुळी शिजायची. आपल्याकडच्या बचनागाचंच ते चिनी भावंड. नीट शिजली तर अंगात ऊब आणणारी, सांध्यांची ठणक घालवणारी. कच्ची राहिली तर आधी जीभ बधिर, मग हातपाय, आणि मग काळीजच थांबतं.

म्हणून गावाचे नियम कडक होते. मुळी आधी खारवायची, मग रात्रभर रटरटत ठेवायची. जाळ जराही मंदावू द्यायचा नाही. पाणी आटलं तर उकळतंच घालायचं, गार पाण्याचा थेंबही नाही. गरोदर बाईनं त्या जेवणाच्या वाटेला जायचं नाही आणि खाणाऱ्यानं वर दारू प्यायची नाही. हे सगळं गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तांग मुखियालाही पाठ होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो "मला काय माहीत" म्हणणार आहे.

त्या वर्षी गावजेवणाला मुखियाकडे शहरातले मोठे अंमलदार यायचे होते. ते सकाळीच येऊन थडकले, आणि तेही सगळा गोतावळा घेऊन. मुखियाची तारांबळ उडाली. पाहुण्यांना आंघोळीला कढत पाणी हवं म्हणून त्याने कढईखालची जळती लाकडं ओढून बंबाखाली नेली. खाणारी तोंडं वाढली म्हणून शूफेनला फर्मावलं, "विहिरीचं पाणी ओत. रस्सा वाढव."

"मुखिया, मुळी अजून शिजते आहे. गार पाणी घातलं तर..."

"जमत नसेल तर सांग. स्वयंपाकिणी पुष्कळ मिळतात."

शूफेन घाबरली. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, तिच्या या कामावरच चूल पेटायची. तिने बादली उचलली आणि ओतली. कढईची रटरट थांबली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

काय म्हणावं या मुखियाला! पाहुण्याची पाठ शेकावी म्हणून गावाच्या जेवणाखालचा जाळ काढून नेला! आणि वर तोंडभर हसत पाहुण्यांना म्हणतो कसा, "आमच्या गावचं औषधी जेवण, एकदा खाऊन तर बघा."

दुपारी पंगत बसली. तिथला रिवाज असा की शिजवणारीनं पहिला वाडगा स्वतः खायचा. ती धडधाकट राहिली, की मगच इतरांना वाढायचं. शूफेनने वाडगा भरला.

मुखियाने तिला अडवलं आणि तो हळूच म्हणाला, "तू नको. तू आडवी झालीस तर पाहुण्यांना दुसरं रांधून घालणार कोण? त्या गुओला दे. म्हातारा आहे, नाहीतरी पिकलं पान."

गुओबाबा हा गावचा जुना हमाल. जन्मभर ओझी वाहून त्याचे गुडघे कामातून गेले होते. त्याने खुशीने दोन्ही हात पुढे केले.

"आण पोरी. वर्षभर या घासाची वाट बघतोय. तुझ्या हातचं आहे, म्हणजे घोर नाही."

हे ऐकलं आणि शूफेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती कुठल्या कुठे पळाली. तिने वाडगा गुओबाबाच्या हातांपासून दूर नेला आणि थेट मुखियाच्या तोंडासमोर धरला.

"पाणी मी ओतलं, ते पाप माझं. पण ओतायला तुम्ही लावलंत. लाकडंही तुम्हीच ओढलीत. आज शिजवणारे तुम्हीच. घ्या पहिला घास!"

पंगतीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. अंमलदारही बघू लागले.

"मला... मला आज भूक नाही," मुखिया म्हणाला.

"नुसता रस्सा घ्या. एक घोट."

"पोट बरं नाही माझं."

"आणि गुओबाबाचं पोट तेवढं दगडाचं आहे?"

मुखिया चवताळला. "मुळी कच्ची राहिली, हे मला काय माहीत!"

"कच्ची राहिली, असं या पंगतीत अजून कुणी म्हटलंच नाही, मुखिया."

मुखियाची मान खाली गेली. शूफेनने कढई लवंडून दिली. सगळा रस्सा राखेच्या खड्ड्यात गेला. कुत्र्यामांजरांनी तोंड घालू नये म्हणून तिने वर मातीही लोटली. त्या दिवशी गाव आणि पाहुणे, सगळेच पेज पिऊन उठले.

मुखियाचं काय झालं? काही नाही. तो मुखियाच राहिला. असल्या माणसांचं कुठे काय होतं! काम गेलं ते शूफेनचं. ती लोकांची धुणी धुऊ लागली. त्या हिवाळ्यात गुओबाबाचे गुडघे रोज ठणकले, आणि रोज तो तिच्या दाराशी उन्हात बसून कुरकुरला. त्याची कुरकुर कानावर आली की गार पाण्यात हात घालताना शूफेनला बरं वाटायचं.

तात्पर्य: जो घास स्वतःच्या तोंडात घालायला हात धजत नाही, तो दुसऱ्याच्या वाडग्यात वाढू नये, आणि कुणी वाढायला लावलंच, तर तो वाडगा आधी त्याच्याच पुढे धरावा.