मिचकूचं घुंगरू

मिचकू होता बोटभर उंदीर. उंच उंच क्रेनशेजारी त्याचं बीळ. त्याच्याकडे एक घुंगरू होतं. ताईचं. ताई आता नव्हती. घुंगरू होतं.

एकदा मिचकू नाचला. छुन्न छुन्न! घुंगरू सुटलं. गडगड गडगड... क्रेनच्या खांबाच्या पायाखाली घुसलं!

"खांबदादा, खांबदादा, पाय उचल!"

"कसा उचलू? डोक्यावर केबिन आहे. ती उतरेना, मी हलेना."

मिचकू वर चढला. तुरुतुरु तुरुतुरु.

"केबिनमावशी, उतर ना!
खांब हलेना,
ताईचं घुंगरू मला मिळेना!"

"अगो बाई! माझ्यापुढे हा लांब हात. तो निघेना, मी उतरेना."

मिचकू पुढे पळाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"हातकाका, निघा ना!
केबिन उतरेना,
खांब हलेना,
ताईचं घुंगरू मला मिळेना!"

"मी आधी निघालो, तर मागचे ठोकळे क्रेनला पाडतील. धडाम! ते सुटेनात, मी निघेना."

मिचकू मागे पळाला. तुरुतुरु तुरुतुरु.

"ठोकळ्यांनो, सुटा ना!
हात निघेना,
केबिन उतरेना,
खांब हलेना,
ताईचं घुंगरू मला मिळेना!"

"ए बोटभर! आम्ही सिमेंटचे. आपले आपण सुटतो काय? क्रेनवाले यासीनमामा पिना काढतात. ते चढेनात, आम्ही सुटेना."

मिचकू खाली उतरला. सर्रर्र! मामा बशीतून चहा पीत होते. फुर्रर्र!

"मामा, मामा, चढा ना!
ठोकळे सुटेनात,
हात निघेना,
केबिन उतरेना,
खांब हलेना,
ताईचं घुंगरू मला मिळेना!"

"अरे मिचक्या, काम संपलं, क्रेन उतरवायचीच आहे. पण तो झेंडा बघ कसा फडफडतोय! वाऱ्यात क्रेन उतरवायची नाही. आमचा नियमच आहे. वारा थांबेना, मी चढेना."

मिचकूनं तोंड वर केलं.

"वारोबा, थांबा ना!
मामा चढेनात,
ठोकळे सुटेनात,
हात निघेना,
केबिन उतरेना,
खांब हलेना,
ताईचं घुंगरू मला मिळेना!"

"हूऽऽ हूऽऽ! मला झोपच येत नाही. गाणं म्हणतोस?"

मिचकूला एकच गाणं येत होतं. ताईचं. त्यानं शेपटी पायांभोवती गुंडाळली. मग तो म्हणाला,

"शेपटी गुंडाळ, डोळे मीट,
मी इथंच आहे, नीज नीट."

हूऽऽ... हू... घर्रर्र. वारा झोपला! झेंडा लोंबला.

वारा थांबला, मामा चढले. ठाण ठाण ठाण! पिना निघाल्या.

"आण रे ती छोटी क्रेन! हळू, हळू!"

ठोकळे सुटले. एकच ठेवला, तोलासाठी.
हात निघाला. सुईंऽऽ!
मग तो एकटा ठोकळाही आला. धप्प!
केबिन उतरली. "अगो बाई, गुदगुल्या!"
खांब हलला. एक तुकडा, दुसरा तुकडा, तिसरा तुकडा... आणि पाय उचलला!

छुन्न!

"हे घे, मिचक्या," मामा म्हणाले. "तुझंच ना?"

"माझं! आणि ताईचं!"

मिचकूनं घुंगरू कानाशी धरलं. मग उडी मारली. छुन्न छुन्न! छुन्न छुन्न!

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "अजून एकदा वाजव," तो हळूच म्हणाला.

क्रेन निघाली गाडीतून,
घुंगरू वाजलं बिळातून.
छुन्न!