लखलखीत चकतीचा तोरा

फार मागे, दाभोळ बंदरातल्या एका सराफाच्या डबीत दोन चिनी चकत्या येऊन पडल्या. एक पार झिजलेली, मधोमध चौकोनी भोक असलेली. दुसरी लखलखीत, अंगावर ड्रॅगन मिरवणारी.

“खरं नाणं मीच,” लखलखीत चकती म्हणाली. “हिच्या पोटाला तर खिडकी आहे!”

सराफाने दोघींवरून भिंग फिरवलं आणि लखलखीत चकतीला विचारलं, “काय हो बाई, तुम्ही कधी भाजी आणायला गेलात का?”

“छे, भलतंच! मला आजवर कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही.”

“मग तुम्ही पदक. नाणं हातोहात फिरून झिजतं. हिला दोरीत ओवून लोक बाजारभर हिंडलेत.”

सराफाने डबी बंद केली. आत लखलखीत चकतीने झिजलेल्या शेजारणीला हळूच विचारलं, “बाजार कसा असतो गं?”