शेवंतीचं इंजेक्शन

"तिला धरायचं कसं, वस्ताद?"

सर्जेरावानं हे विचारलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते आणि खांद्यावरच्या टॉवेलच्या चिंध्या झाल्या होत्या. जिच्याबद्दल तो विचारत होता ती मांजर तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या पलीकडं, लाकडी मुद्गलांच्या मागं दडून बसली होती.

ओट्यावर बसलेल्या दस्तगीर वस्तादांनी मानही वळवली नाही.

"धरायचं न्हाई."

"मग सुई कशी द्यायची?"



ती मांजर, शेवंती, वस्तादांची. पिल्लू असताना कुणीतरी तिला पोत्यात घालून तालमीच्या मागं फेकून गेलं होतं. तेव्हापासून उभा माणूस जवळ आला की ती पळते. वस्तादांच्या मांडीवर तेवढी बसते, कारण वस्ताद गुडघ्यांपायी फारसे उभेच राहत नाहीत.

तिला साखर झाली. घागरभर पाणी प्यायची आणि वाळत चालली होती. मागचे पाय लटपटायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ खाणं पोटात गेलं की इन्सुलिन द्यायचं, आणि हा नेम मोडला तर मांजर हाती लागणार नाही. आजवर वस्तादच देत होते. पण आता त्यांचा हात थरथरतो आणि सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. काल संध्याकाळी सुई त्यांच्याच बोटात गेली. आज सकाळचीही चुकली. दुपारी शेवंती ओट्याची पायरी चढायला गेली आणि मागचे पाय दुमडून खाली घसरली. आम्ही तालमीतल्या सगळ्यांनी बघितलं ते. कुणाच्या घशाखाली दूध उतरलं नाही.

म्हणून सर्जेरावानं विडा उचलला. आमच्या तालमीचा सगळ्यात तगडा गडी. त्याची पाठ अजून कुणी मातीला लावली नव्हती, आणि ही गोष्ट तो जेवताना, आंघोळ करताना, कुणी न विचारताही सांगायचा.

"माझ्या पकडीतनं म्हैस सुटत न्हाई, वस्ताद."

"म्हशीला साखर झालेली न्हाई."

आम्ही हसलो. सर्जेरावानं आमच्याकडं बघितलं, मग हसलो नाही.

"उभ्या माणसाचं भ्या हाय तिला," वस्ताद म्हणाले. "तू आडवा हो. कोंबडीची ताटली छातीवर ठेव. ती वर चढंल, खाईल. खाता खाता दे."

"व्हतो की आडवा. त्यात काय?"

तो हौद्यात उतरला आणि पालथा पडला.

"पालथ्या माणसाच्या छातीवर ताटली कशी ऱ्हाईल, सर्जा?"

"कुशीवर होतो."

"ताटली घसरंल."

"मग बसतो."

"मघाशी बसूनच धरायला गेलता. काय झालं?"

सर्जेरावानं ओरखडे झाकले.

"पाठ टेक," वस्ताद म्हणाले.

"...कुठं?"

"हितंच. मातीत."

परक्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण पैलवान झोपतो तो घोंगड्यावर, मातीत नव्हे. हौद्यातल्या मातीला पाठ लागली की कुस्ती गेली. आम्ही चेष्टेतसुद्धा तिथं उताणे पडत नाही.

"वस्ताद, माझी पाठ लागलेली न्हाई आजपातुर."

"ठावं हाय. मीच शिकवलंय तुला."

"सगळी बघत्यात."

"बघू देत."

"बाहेर, अंगणात झोपतो."

"ती अंगणात येत न्हाई. तिला ही माती ठावी हाय."

सर्जेराव उठून उभा राहिला आणि हौद्याला फेऱ्या मारू लागला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. एकदा तर तो दारापर्यंत गेला. आता हा जाणार, असंच मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला त्याचा भयंकर राग आला.

तेवढ्यात मुद्गलांच्या मागं काहीतरी खरवडलं. शेवंती उठायचा प्रयत्न करत होती. पुढचे पाय उठले, मागचे उठेनात.

सर्जेराव दारातच थांबला...

मग मुकाट्यानं परत फिरला. हात धुतले. इन्सुलिनची बाटली न हलवता तळहातांत घोळवली, डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेपर्यंत सिरिंज भरली आणि दोनदा बघून खात्री केली. सिरिंज आणि ताटली घेऊन हौद्यात उतरला.

आधी बसला. मग एक खांदा टेकवला. दुसरा टेकवायला त्याला फार वेळ लागला. शेवटी टेकवला, ताटली छातीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

कुणीही हसलं नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मग शेवंतीचं नाक मुद्गलांच्या आडून बाहेर आलं. पोट मातीला घासत, थांबत, हुंगत ती आली. सर्जेरावाच्या बोटांपाशी थबकली. बोटं हलली नाहीत. दंडावर पाय ठेवून ती छातीवर चढली आणि खाऊ लागली.

ताटली निम्मी झाल्यावर सर्जेरावाचा डावा हात उठला. म्हैस अडवणारा तो हात, पण त्यानं तिच्या पाठीची सैल कातडी नुसत्या दोन बोटांत उचलली. उजवा हात आला. सुई गेली.

शेवंतीचा एक कान हलला. ती खातच राहिली.

"दिली," सर्जेराव पुटपुटला.

"समदी गेली?"

"समदी. थेंब सांडला न्हाई, वस्ताद... तिला कळलं पण न्हाई."

आमच्यातल्या एकाचा हात कुस्ती जिंकल्यावर वाजवायच्या हलगीकडं गेला. वस्तादांनी बोट वर केलं आणि तो हात तिथंच राहिला. मग आम्ही काय करावं? हौद्याभोवती उभे राहिलो आणि सगळ्यांनी दोन्ही हात उंच केले. मैदान मारल्यावर करतात तसे, पण तोंडातनं चकार शब्द नाही.

ताटली चाटून झाल्यावर शेवंती खाली उतरली नाही. त्या रुंद छातीवर पंजांनी कणीक मळल्यासारखं करत बसली आणि घुरघुरायला लागली. सर्जेराव उताणा पडून आढ्याकडं बघत होता. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं आणि तो पुसत नव्हता.

"वस्ताद, उद्या सकाळी पण मीच देणार," तो म्हणाला. "कुणाला देऊ देणार न्हाई."

मन भरल्यावर तिची ती उठली आणि वस्तादांच्या पायरीपाशी जाऊन झोपली. सर्जेरावही उठला. हौद्यातल्या मातीनं पाठ सगळी तांबडी झाली होती. सवयीनं त्याचा हात ती झाडायला मागं गेला.

"ऱ्हाऊ दे," वस्ताद म्हणाले. "ती माती झाडू नको."